वाचकांचे प्रश्न : पडद्यावरचा कीबोर्ड आणि चित्रांचा पासवर्ड

प्रश्न : सोसायटीच्या ऑफिसात एकच कॉम्प्युटर आहे. मॅनेजर, हिशेबनीस आणि मी, खजिनदार, तिघंही तोच वापरतो. बँकेच्या लॉगिनला माउसने दाबायचा कीबोर्ड येतो. त्यावरून पासवर्ड भरला की चोरीची भीती नाही, असं मॅनेजर म्हणतात. खरं का? (नौपाडा, ठाणे)

उत्तर : अर्धंच खरं. हा कीबोर्ड एका विशिष्ट चोरासाठी आहे : तुम्ही दाबलेली प्रत्येक कळ गुपचूप नोंदवणारा कीलॉगर. तो सॉफ्टवेअर असतो, किंवा कीबोर्डची वायर आणि सीपीयू यांच्यामध्ये खोचलेला बोटभर तुकडा. बँकेच्या पानावरचा कीबोर्ड अक्षर थेट पासवर्डच्या चौकटीत टाकतो, कळ दाबलीच जात नाही, म्हणून कीलॉगरच्या हाती काही लागत नाही. अक्षरांच्या जागा दर वेळी बदलत असतील तर माउस कुठे टेकला एवढ्यावरूनही काही कळत नाही.

मात्र विंडोजचा स्वतःचा ऑन-स्क्रीन कीबोर्ड वेगळा. तो खऱ्या कळांसारखेच संकेत पाठवतो, त्यामुळे सॉफ्टवेअर कीलॉगर तेही टिपू शकतो. दोन्ही दिसायला सारखे असल्याने इथे पुष्कळ जण फसतात.

आता उरलेलं अर्धं. काही व्हायरस प्रत्येक क्लिकला पडद्याचा फोटो काढतात. काही तर ब्राउझरमध्येच बसतात आणि तुम्ही ‘लॉगिन’ दाबताच, माहिती कुलूपबंद होऊन बाहेर पडण्याआधी, भरलेला पासवर्ड उचलतात. तिथे तो कळांनी भरला की माउसने, याला काही अर्थ राहत नाही. शिवाय टेबलाच्या मागे भिंतीवर सीसीटीव्ही असेल तर बघा : बोटं काय टाइप करतात ते कॅमेऱ्याला नीट दिसत नाही, पण पडद्यावरची मोठी अक्षरं एकेक करून दिसतात. माउसने भरणं जिकिरीचं, म्हणून लोक पासवर्डच आखूड करतात, हा तोटा आम्हाला सगळ्यात मोठा वाटतो.

तेव्हा सोसायटीचं बँकिंग तिघांच्या कॉम्प्युटरवरून नकोच. प्रत्येकाने आपापल्या लॉगिनने, आपल्या फोनवरून किंवा घरच्या कॉम्प्युटरवरून करावं. व्यवहार एकाने भरायचा आणि दुसऱ्याने मंजूर करायचा, अशी सोय बँक देते का ते शाखेत विचारा आणि असेल तर लगेच घ्या. ऑफिसातूनच करणं भाग असेल तर आधी सीपीयूच्या मागची जोडणी डोळ्यांनी तपासा, काम झाल्यावर लॉगआउट करा आणि त्याच दिवशी स्वतःच्या फोनवरून पासवर्ड बदला.

प्रश्न : आकड्या-अक्षरांऐवजी चेहरे निवडायचा पासवर्ड जास्त सुरक्षित का? (ऐरोली)

उत्तर : लक्षात ठेवायला सोपा, पण ताकदीला कमी. नऊ चेहऱ्यांतून एक, असं चार वेळा निवडायचं असेल तर एकूण शक्यता 6,561. चार आकडी पिनच्या 10,000. आठ छोटी इंग्रजी अक्षरं चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडली तर शक्यता 20 हजार कोटींच्या वर जातात. त्यातून माणसं देखणे चेहरे आधी निवडतात, त्यामुळे अंदाज आणखी सोपा होतो. काही चुकांनंतर खातं बंद होत असेल आणि सोबत ओटीपी असेल तरच ही पद्धत चालेल.

प्रश्न : लॉगिनला युजर आयडी टाकला की मी निवडलेलं कमळाचं चित्र दिसायचं. परवा चित्राऐवजी ‘दुरुस्ती सुरू आहे’ असं आलं. मी पासवर्ड टाकला. (नेरूळ)

उत्तर : ते चित्र म्हणजे तुमचा पासवर्ड नव्हे, साइटने तुम्हाला दाखवायची ओळख. ती मिळाली नाही तर तिथेच थांबायचं. हार्वर्ड आणि एमआयटीच्या अभ्यासकांनी 2007 मध्ये मुद्दाम असंच चित्र काढून दुरुस्तीची सूचना लावली, तेव्हा 60 पैकी 58 जणांनी पासवर्ड टाकला. म्हणून स्वतःला दोष देत बसू नका. चित्र दिसलं तरी निर्धास्त होता येत नाही, कारण बनावट साइट तुमचा आयडी खऱ्या बँकेला देऊन चित्र आणून दाखवू शकते.

खरी ओळख पत्त्याच्या पट्टीत असते. रिझर्व्ह बँकेने बँकांना ‘डॉट बँक डॉट इन’ या पत्त्यावर येण्यासाठी 31 ऑक्टोबर 2025 ची मुदत दिली होती. पत्त्यात ‘https’ नंतरच्या दोन तिरक्या रेघा सोडून पुढची पहिली तिरकी रेघ शोधा. तिच्या लगेच आधी हाच शेवट हवा. तो मध्येच कुठे येऊन पुढे आणखी नाव असेल तर साइट बँकेची नाही.

आज एवढं करा : पत्ता स्वतः टाइप करून किंवा बँकेच्या अॅपमधून पासवर्ड बदला, नवीन लाभार्थी कुणी जोडलाय का ते पाहा, खात्याचे अलीकडचे व्यवहार तपासा. तोच पासवर्ड ईमेलला असेल तर तोही बदला. पैसे गेलेले दिसले तर शाखा उघडायची वाट न बघता लगेच बँकेला कळवा आणि 1930 वर फोन करा. रक्कम पुढच्या खात्यात सरकायच्या आत गोठवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच सर्वाधिक असते.