शंका-समाधान : समुद्रातल्या राक्षसाची चोच

प्रश्न : सर, माझा सातवीतला मुलगा मोबाइलवर क्राकेन, समुद्री अजगर, मेगालोडॉन असले व्हिडिओ बघत बसतो. त्याची आजी त्याला पोथीतला तिमिंगिल सांगते, देवमाशाला गिळणारा. आता दोघं मिळून मला विचारतात, की हे प्राणी खरोखर आहेत का? आमच्या एरंडोलहून समुद्र कुठे आणि आम्ही कुठे! काय सांगू त्यांना?
– एक वाचक, एरंडोल

उत्तर : ताई, दोघांना एकदम सांगा : एक राक्षस खरा निघाला, बाकीच्यांचं अजून प्रेत मिळालेलं नाही.

खरा निघाला तो क्राकेन. नॉर्वेतल्या बर्गनचे बिशप पोंटोपिडान यांनी 1750 च्या दशकात देशाच्या निसर्गाविषयी जाडजूड ग्रंथ लिहिला. त्यात क्राकेनच्या पाठीचा घेर दीड मैल दिला आहे. दीड मैल! बिशपसाहेबांनी स्वतः पाहिला नव्हता, कोळ्यांकडून ऐकलं होतं. पुढे 1853 मध्ये डेन्मार्कच्या किनाऱ्याला एक अवाढव्य प्राणी लागला. कोळ्यांनी तो कापून गळाला आमिष म्हणून वापरला. व्यवहारी माणसं! सुदैवाने तोंडाचा भाग राहिला. स्टीनस्ट्रुप नावाच्या डॅनिश प्राणिशास्त्रज्ञाने त्यातली चोच तपासली आणि 1857 मध्ये प्राण्याला नाव दिलं, आर्किट्यूथिस. म्हणजे महाकाय माकूळ (स्क्विड).

चोच म्हटल्यावर तुमचा मुलगा हसेल. पण मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत असताना फॉर्मॅलिनच्या बरणीतला साधा माकूळ पोरांसमोर उघडून दाखवायचो. हातांच्या मधोमध तोंड, त्यात तपकिरी-काळी, पोपटासारखी बाकदार चोच. फरक एवढाच, की इथे खालचा जबडा वरच्याला झाकतो. बाकी सगळं अंग मऊ. त्यामुळे दातवाला देवमासा (स्पर्म व्हेल) माकूळ खातो तेव्हा मांस पचून जातं आणि चोची पोटात साठतात. त्या देवमाशांच्या डोक्यावर माकळाच्या चूषकांचे, म्हणजे चिकटणाऱ्या वाट्यांचे, गोल वळही दिसतात. जिवंत माकूळ कोणी पाहायच्या आधीच तो खोल पाण्यात भरपूर असणार, हे या चोचींनी सांगितलं होतं.

1873 साली न्यूफाउंडलंडमध्ये तर गंमतच झाली. कोळ्यांच्या होडीला एकाने विळखा घातला, त्यांनी कुऱ्हाडीने त्याची सोंड तोडली. तो तुकडा मोझेस हार्वे नावाच्या पाद्र्याकडे पोहोचला. थोड्याच दिवसांत जाळ्यात एक अख्खा माकूळ सापडला, तोही हार्वेनी विकत घेतला आणि घरातल्या न्हाणीच्या टबावरच्या दांडीवर हात-सोंडा लटकवून फोटो काढून घेतला. त्यांच्या घरच्यांचं काय म्हणणं होतं, हे वाचायला मला फार आवडलं असतं.

जिवंत माकळाचा खोल समुद्रातला पहिला फोटो मात्र 2004 चा. जपानचे कुबोदेरा आणि मोरी यांनी ओगासावारा बेटांजवळ कॅमेरा आणि आमिष लावलेली दोरी सुमारे 900 मीटर खोल सोडली. माकूळ गळाला अडकला, चार तासांहून जास्त झटापट केली आणि साडेपाच मीटरची सोंड तोडून निसटला. आज या प्राण्याची खात्रीची लांबी 12-13 मीटरपर्यंत धरतात, तीही दोन लांब सोंडा ताणून. धड दोन-सव्वादोन मीटरचं. दीड मैलाचं एवढंच उरलं! तरी होडीतल्या माणसाला घाम फुटायला ते पुरे.

मग कोळी खोटं बोलत होते का? माझं मत, नाही. पाण्यावर माप घ्यायला काही नसतं. आमच्या सारंगखेड्याकडे तापीला पूर आला की वाहत येणारं बाभळीचं खोड पाहून काठावर 'मगर, मगर' होतं. निसटलेला मासा केवढा होता ते एका भोईदादाने मला हात पसरून सांगितलं होतं, 'बठ्ठं जायं फाडी टाकं!' पुढे तो मासा दुसऱ्याच्या जाळ्यात निघाला. चांगला दांडगा कटला होता, पण हात पसरले होते तेवढा नव्हता. जाळं मात्र खरंच फाटलं होतं.

समुद्री अजगराचंही तसंच आहे. 1848 मध्ये डीडलस या ब्रिटिश युद्धनौकेच्या कप्तानाने आणि अधिकाऱ्यांनी दक्षिण अटलांटिकमध्ये डोकं वर काढून पोहणारा 60 फुटी साप पाहिल्याचं लेखी कळवलं. काही अभ्यासकांच्या मते तो तोंड उघडून पृष्ठभागालगत चरणारा सेई देवमासा होता. दुसरीकडे ओअरफिश नावाचा चंदेरी, पट्टीसारखा चपटा, डोक्यावर लाल तुरा असलेला मासा खरोखर आहे. तो आठ मीटरपर्यंत वाढतो. मरायला टेकल्यावर पृष्ठभागाशी आला, की पाहणारा गावभर काय सांगेल, कल्पना करा.

प्रेतही फसवतं. 1977 मध्ये न्यूझीलंडजवळ एका जपानी ट्रॉलरच्या जाळ्यात दहा मीटरचं, लांब मानेचं, कुजलेलं धूड आलं. फोटो काढले, पुढच्या पराचे थोडे धागे ठेवले आणि माल नासेल म्हणून धूड परत समुद्रात टाकलं. प्लेसिओसॉर, म्हणजे डायनोसॉरच्या काळातला लांब मानेचा समुद्री सरपटणारा प्राणी सापडला, अशी आवई उठली. धाग्यांची रासायनिक तपासणी बास्किंग शार्ककडे बोट दाखवत होती. या शार्कचं प्रेत कुजताना जबडा आणि कल्ले आधी गळून पडतात, मागे कवटी आणि कणा राहतो, तीच 'मान'.

मेगालोडॉन हा महाकाय शार्क मात्र आज नाही. तो 36 लाख वर्षांपूर्वी संपला. शार्कचे दात आयुष्यभर गळत आणि नव्याने येत राहतात. आज तो असता, तर समुद्रतळावर त्याचे ताजे दात मिळाले असते. मिळतात ते सगळे जीवाश्म. आणि मुलाला एक विचारा : असा राक्षस एकटाच कसा असेल? त्याला आईबाप हवेत, जोडीदार हवा, पिल्लं हवीत, त्या सगळ्यांना रोजचं खाणं हवं. एवढं खटलं शतकानुशतकं लपून राहायचं, तर हाडं, दात, चोच काहीतरी मागे पडतंच.

आजीच्या तिमिंगिलाला माझा नमस्कार. पोथीतलं पोथीत राहू द्यावं, त्याला चोच मागू नये.

प्रश्न : खान्देशात कधी समुद्र होता का? असला तर त्यात मोठे प्राणी होते का?
– अकरावी सायन्सचा विद्यार्थी, तळोदा

उत्तर : तुझ्या सातपुड्यापलीकडे नक्की होता. सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वी पश्चिमेकडून समुद्राचा एक फाटा नर्मदेच्या खोऱ्यात शिरला होता. धार जिल्ह्यातल्या बागजवळच्या चुनखडकात शिंपले, समुद्री अर्चिन, अमोनाइट नावाचे वेटोळे शंख आणि शार्कचे दातही मिळाले आहेत. आपल्याकडे मात्र साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर आहेत. विहीर खणताना सुरुंग लावावा लागतो तो काळा फत्तर तोच. त्याखाली काय दडलंय, ते खणल्याशिवाय कळायचं नाही. शहादा-खेतिया-बडवानी-कुक्षी अशा रस्त्याने बागला जाता येतं. कुणी भूगर्भशास्त्राचे सर बरोबर असतील तर उत्तम. शिंपला दिसला तर जागेवरच फोटो काढ, उचलून खिशात घालू नकोस. तो कुठल्या थरात होता हेच हरवलं, तर अभ्यासाला त्याचा उपयोग राहत नाही.