जाड लोकरीच्या क्रोशा थ्रोची (सोफ्यावर टाकायच्या पांघरुणाची) किनार लाटांसारखी का होते?

बाजूच्या कडेवर टाके जास्त पडतात म्हणून. खांबाच्या (सुईवर एक वेढा घेऊन विणलेल्या उंच टाक्याच्या) एका ओळीच्या टोकाला सहसा दोन मुके खांब (वेढा न घेता विणलेले बुटके टाके) घालतात. जाड लोकरीत तेही कधी जास्त होतात, मग दोन ओळींना मिळून तीन घाला. उलट कड आत ओढली जात असेल तर टाके कमी पडलेत. कोपऱ्यात मात्र एकाच घरात (जिथे सुई घालतो त्या टाक्यात) तीन मुके खांब हवेतच, नाहीतर कोपरा वळतो.

शिंपल्यांची नक्षी लगेच सुरू करू नका. आधी मुक्या खांबांचा एक साधा फेरा विणून थ्रो जमिनीवर पसरून बघा. सपाट बसला की पुढे: एक मुका खांब, दोन घरं सोडून एकाच घरात पाच खांब, पुन्हा दोन सोडा. म्हणजे फेऱ्यातले टाके सहाच्या पटीत हवेत. एखाददुसरा कमी पडला तर सरळ कडेवर गुपचूप वाढवा, कोणाला कळत नाही!