गाडीचं नंतर, आधी ते पुडकं उघडा

नागपूरच्या एका वाचकाचं पत्र आहे, थोडं आटोपशीर करून देतो:

"गेल्या महिन्यात खासगी कंपनीतून निवृत्त झालो. माझं वय ६०, पत्नीचं ५७. पीएफ, ग्रॅच्युइटी सगळं मिळून ६८ लाख हाती आले. घर स्वतःचं, खर्च महिना ४५ हजार, ईपीएसची पेन्शन चार हजार. आम्हा दोघांना श्रीनगर ते कन्याकुमारी हा महामार्ग गाडीने करायचाय, एका दमात, ४० दिवसांत. वाटेतली २३ ठिकाणं काढून ठेवली आहेत. आमची गाडी सात वर्षांची, ६२ हजार किलोमीटर झालेली. मुलगा म्हणतो, एवढ्या प्रवासाला १८ लाखांची एसयूव्ही घ्या, चार भरा, बाकी कर्ज काढा. घ्यावी का? पैशाची तशी चिंता नाही. बँकेतल्या मॅडमनी पाच लाख एका हमी योजनेत लावून दिलेत, १५ वर्षांनी त्याचे ८० लाख येतील. पॉलिसीचे कागद १९ दिवसांपूर्वी घरी आलेत."

तुमचा प्रश्न गाडीचा आहे. माझं लक्ष शेवटच्या दोन वाक्यांवरून हलेना. पाचाचे पंधरा वर्षांत ऐंशी म्हणजे वर्षाला वीस टक्के, तेही हमीने! अशी योजना खरंच असती तर त्या मॅडमनी ती घरच्यांनाच दिली असती, तुमच्यापर्यंत आलीच नसती. म्हणून त्याच संध्याकाळी तुम्हाला पॉलिसीच्या पहिल्या पानाचा फोटो मागितला. त्यावर ठळक छापलंय: प्रीमियम भरण्याचा कालावधी १० वर्षे. म्हणजे पाच लाख एकदा नाही, दरवर्षी. एकूण ५० लाख भरायचे आणि पंधराव्या वर्षाअखेर ८० घ्यायचे. परतावा साडेचार टक्क्यांच्या आसपास. विमा कंपनीचा पडताळणीचा फोन आला तेव्हा "सगळ्याला हो म्हणा" असं तुम्हाला सांगितलं होतं, हे तुम्ही नंतर कळवलंत. नेहमीचंच आहे. निवृत्तीचे पैसे खात्यात पडले की दोन दिवसांत चहाला बोलावणं येतं.

आता हे तुमच्या ६८ लाखांवर मांडू. पहिला हप्ता ५, गाडीचे ४, प्रवासाचे ३ गेले, उरले ५६. घरखर्चाला पेन्शन वजा जाता वर्षाला ४.९ लाख. १४ लाखांच्या कर्जाचा हप्ता ९ टक्क्यांनी, पाच वर्षांसाठी, महिना २९ हजार, म्हणजे वर्षाला साडेतीन. वर पॉलिसीचे पाच. वर्षाला तेरा लाखांहून जास्त बाहेर. उरलेल्या पैशावर सात टक्के व्याज धरलं, महागाई शून्य धरली, तरी सहावा हप्ता भरताना खातं रिकामं होतं. तेव्हा तुम्ही ६५ वर्षांचे असाल आणि पॉलिसीचे चार हप्ते बाकी असतील.

सुदैवाने तो १९ चा आकडा तुमच्या बाजूचा आहे. आयुर्विम्याचे कागद हाती आल्यापासून ३० दिवसांत पॉलिसी परत करता येते. मुद्रांक शुल्क, वैद्यकीय तपासणीचा खर्च आणि तेवढ्या दिवसांच्या जोखमीचा प्रीमियम कापून बाकी पैसे मिळतात. फक्त तीच पॉलिसी ईमेलवर आधी आली होती का ते बघा. आली असेल तर दिवस तेव्हापासून मोजले जातील. अर्ज विमा कंपनीच्या शाखेत द्या, शिक्क्यासह पोच घ्या, शिवाय ईमेलही करा. बँकेत नुसतं तोंडी सांगून येऊ नका. तिथे "वरून उत्तर येऊ द्या" म्हणत अकरा दिवस सहज निघून जातात. हप्ता कमी करून देतो, असंही म्हणतील. तेही नको.

पैसे परत आले की ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ३० लाख. सध्याच्या ८.२ टक्क्यांनी तिमाहीला साडेएकसष्ट हजार येतील. पोस्टाच्या मासिक योजनेत संयुक्त खात्यावर १५ लाख, ७.४ टक्क्यांनी महिना सव्वानऊ हजार. दोन्ही मिळून वर्षाला साडेतीन लाख. खर्चाला तरीही सव्वा-दीड लाख कमी पडतात आणि महागाई थांबणार नाही, त्यामुळे उरलेल्या वीस लाखांतले काही शेअरशी जोडलेल्या फंडात जायला हवेत. त्यावर स्वतंत्रपणे बोलू. मुद्दा एवढाच की १८ लाखांच्या गाडीला यात जागा नाही.

आणखी एक गोष्ट. कंपनीचा आरोग्य विमा नोकरीबरोबर संपला, आणि पत्रात त्याबद्दल अक्षर नाही. निघण्याच्या किमान महिनाभर आधी दोघांचा विमा घ्या. अपघात सोडून इतर आजारांना पहिले ३० दिवस संरक्षण नसतं.

आता प्रवास. तो जरूर करा, जुन्याच गाडीने. चार टायर, बॅटरी, ब्रेक आणि कूलंट बघून घ्यायला चाळीस हजार धरा. महामार्ग क्रमांक ४४ सुमारे ३,७०० किलोमीटरचा, पण तुम्ही त्याच्या मधोमध राहता. श्रीनगरला जायचं, तिथून कन्याकुमारी गाठायची, मग घरी, म्हणजे ७,४०० किलोमीटर आणि मध्ये नागपूर तसंही लागणारच. मग दोन फेऱ्याच करा ना! अंतर एका किलोमीटरनेही वाढत नाही. ऑक्टोबरमध्ये काश्मीर, तमिळनाडूतला ईशान्य मोसमी पाऊस ओसरला की जानेवारीत कन्याकुमारी.

आडवाटा धरून ८,५०० किलोमीटर, पंधराच्या सरासरीने साधारण साठ हजारांचं पेट्रोल. टोलला फास्टॅगचा वार्षिक पास तीन हजारांच्या आसपास, २०० नाक्यांपर्यंत चालतो. महामार्गाच्या ७,४०० किलोमीटरवर साठ किलोमीटरला एक नाका धरला तरी तुमचे सव्वाशेच होतात. मुक्काम एक लाख, जेवण साठ हजार, गाडीचे वरचे चाळीस, अडीअडचणीला थोडे. तीन लाखांत बसतं.

२३ ठिकाणं मात्र बसत नाहीत. आडवाटा सोडा, दिवसाला ३०० किलोमीटर धरले तर नुसत्या महामार्गालाच पंचवीस दिवस चाक हातात. उरलेल्या पंधरा दिवसांत तेवीस ठिकाणं म्हणजे प्रत्येक जागी गाडी लावायची आणि फोटो काढून निघायचं. पानिपतला तुम्ही अर्धा तास लिहिलाय. १७६१ च्या रणभूमीला मराठी माणूस अर्धा तास देतो? काला आंबच्या स्मारकाला सकाळ द्या. ग्वाल्हेरच्या किल्ल्याला पूर्ण दिवस, झाशीला उतरून ओरछात दोन रात्री, मदुराईला दोन. लेपाक्षी तुमच्या यादीतच नाही. बंगळूरच्या अलीकडे महामार्गापासून पंधरा-सोळा किलोमीटर आत आहे, तिथला एकाच दगडातला नंदी वाकडी वाट करून बघण्यासारखा. मॉल आणि थीम पार्क मिळून सहा नावं आहेत, ती काढा. रामबन ते बनिहाल दरडींचा पट्टा दिवसाउजेडीच पार करा, आणि श्रीनगरला एक दिवस जास्तीचा ठेवा, रस्ता बंद झाला तर तो लागतोच.

पोच मिळाली की तिचा फोटो पाठवा.