ओतीव भागातली छिद्रं आणि तडकणारा पत्रा

प्रश्न : वाळूच्या साच्यात एलएम६ (सिलिकॉन मिसळलेलं ओतीव) अ‍ॅल्युमिनियमचे पार्ट ओततो. बाहेरून पार्ट स्वच्छ दिसतो, पण मशीनिंगला घेतला की आत छिद्रं उघडी पडतात. रस (वितळलेला धातू) आणखी तापवून पाहिला, तर छिद्रं वाढलीच. कुठे चुकतंय?

उत्तर : काहीही बदलण्याआधी एक पार्ट छिद्रांच्या जागी करवतीने कापा आणि छिद्राची आतली भिंत भिंगातून पाहा. गोल, गुळगुळीत, चकचकीत आणि सगळीकडे विखुरलेली असतील तर ती वायूची. वेडीवाकडी, खरखरीत आणि जाड भागाच्या पोटातच गोळा झालेली असतील तर आकुंचनाची, म्हणजे गोठताना धातू आकसून पडलेली. रस तापवल्यावर छिद्रं वाढली यावरून वायूचा संशय बळावतो. पण जास्त तापलेला रस आकसतोही जास्त, म्हणून कापून पाहणं टाळू नका.

वायू म्हणजे इथे हायड्रोजन. ओलावा मिळाला की रस पाण्यातला ऑक्सिजन घेऊन वर साय धरतो आणि सुटलेला हायड्रोजन रसात विरघळतो. घट्ट होताना धातूत तो जवळपास वीसपट कमी मावतो. उरलेला बुडबुडे होऊन अडकतो. रस जितका गरम आणि जितका वेळ भट्टीत, तितका हायड्रोजन जास्त.

म्हणून तेलकट, ओलं भंगार मुशीत टाकू नका. पळी आणि ढवळणी आधी १५० अंशांच्या वर तापवून कोरडी करा. रस ७५० अंश सेल्सिअसच्या पुढे नेऊ नका. कोरडा आर्गॉन किंवा नायट्रोजन फिरत्या पंख्याच्या नळीने तळाशी १० ते १५ मिनिटं सोडा. बुडबुडे बारीक हवेत आणि वर भोवरा पडता कामा नये, कारण भोवरा साय आत ओढतो. मग मळी काढून ७०० ते ७२० अंशांना ओता. ग्रीन सँडमधला (साच्याच्या ओलसर, मातीमिश्रित वाळूतला) ओलावा ३ ते ४ टक्के ठेवा. गॅस खरंच निघाला का, हे पाहायला सुमारे १०० ग्रॅम रस व्हॅक्यूममध्ये, ८० मिलिबारच्या आसपास गोठवून कापा. उघड्या हवेत गोठवलेला नमुना बऱ्याचदा निर्दोष दिसतो आणि फसवतो.

आकुंचन निघालं तर गॅस काढून काही होणार नाही. तिथे राइजर, म्हणजे पार्ट आकसताना त्याला रस पुरवणारा साच्यातला जादा साठा, बदलावा लागतो. राइजर पार्टच्या नंतर गोठला पाहिजे. आकारमान भागिले पृष्ठफळ हा आकडा काढा. राइजरचा पार्टच्या १.२ पट हवा. ४० मिमी बाजूच्या घनासारखा जाड गोळा असेल तर हा आकडा ६.७ मिमी येतो, म्हणजे राइजरला ८ मिमी लागतो. उंची आणि व्यास सारखा असलेल्या गोल राइजरचा आकडा व्यासाच्या एक षष्ठांश असतो, तेव्हा व्यास ४८ मिमी. राइजर पार्टला जोडणारी मान बारीक ठेवली तर ती आधी गोठते आणि एवढा मोठा राइजर नुसताच भरलेला राहतो. जागाच नसेल तर जाड भागाला लोखंडी चिल (उष्णता ओढून तो भाग लवकर गोठवणारा तुकडा) लावा. तो कोरडा आणि गंजमुक्त हवा, नाहीतर तिथेच ब्लो होल (वायूचं भोक) येईल.

प्रश्न : ३ मिमी ६०६१-टी६ अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा ९० अंशांत वाकवताना बाहेरच्या बाजूने तडकतो. डाय तीच, पण माइल्ड स्टील नीट वाकतं.

उत्तर : टी६ अवस्थेत, म्हणजे उष्णता देऊन कडक केल्यावर, हा पत्रा फार थोडा ताणला जातो. आतली त्रिज्या जाडीच्या ३ ते ४ पट, म्हणजे ९ ते १२ मिमी द्या. वाकवण्याची रेषा रोलिंगच्या दिशेला आडवी घ्या आणि कापाची बर (कडेला उरलेली धारदार कोर) आतल्या बाजूला ठेवा; बाहेर राहिली तर तडा तिथूनच सुरू होतो. मोठ्या त्रिज्येमुळे स्प्रिंगबॅक (वाकवलेला पत्रा थोडा परत उघडणं) वाढेल, त्यामुळे पंच थोडा जास्त खाली न्यावा लागेल. छोटी त्रिज्या सोडता येत नसेल तर टी४ (टी६पेक्षा मऊ अवस्थेतला) पत्रा वाकवा आणि नंतर १७५ अंशांना ८ तास ठेवून टी६ करा. गॅसच्या ज्योतीने तापवून वाकवायला मात्र जाऊ नका: तडा जाणार नाही, पण त्या रेषेवरची ताकद गेलेली असेल.