गटारीचं पाणी, जिवाणूंची पावडर आणि कोथिंबीर

प्रश्न : रानाच्या कडेनं गावच्या गटारीचा ओढा वाहतो. उन्हाळ्यात तेच पाणी उसाला घेतो, पण घाण वास मारतो. दुकानदार म्हणतो, जिवाणूंची पावडर टाका, पाणी शुद्ध होईल. टाकू का? आणि ते पाणी कोथिंबीर-मेथीला चालेल का?

उत्तर : पावडरीचे पैसे आधी खिशातच ठेवा. गटारीच्या पाण्यात जिवाणूंचा दुष्काळ कधीच नसतो, दुष्काळ असतो हवेचा. घाण खाणाऱ्या जिवाणूंना प्राणवायू लागतो. घरगुती सांडपाण्याची ही भूक, म्हणजे बीओडी, लिटरला साधारण २०० ते ३०० मिलिग्रॅम. आणि २५ अंश तापमानाला पाण्यात प्राणवायू मावतो जेमतेम ८ मिलिग्रॅम! तो बघता बघता संपतो, मग हवेशिवाय जगणारे जिवाणू ताबा घेतात. तुम्हाला येतो तो सडक्या अंड्याचा वास त्यांचाच.

म्हणून पाणी थेट उचलू नका. आधी एका खड्ड्यात गाळ बसू द्या, मग एक ते दीड मीटर खोलीच्या उथळ तळ्यात सोडा. खोली वाढवायचा मोह नको, ऊन आत शिरलं पाहिजे. उन्हात शेवाळ वाढतं, ते दिवसा प्राणवायू सोडतं आणि जिवाणू त्यावर घाण फस्त करतात. वीज नको, पंखा नको. पाणी किमान दहा दिवस थांबलं पाहिजे, तेवढ्यात जंतांची अंडीही तळाला बसतात. रोज १०,००० लिटर घेणार असाल तर एक लाख लिटरचं तळं हवं, म्हणजे साधारण एक गुंठा जागा. एकाऐवजी दोन-तीन लहान तळी एकापुढे एक केली तर काम जास्त चांगलं होतं. जवळ विहीर असेल तर तळाला प्लास्टिकचा कागद अंथरा. सिंचनासाठी बीओडी १०० च्या आत हवा.

मात्र जिवाणू मीठ खात नाहीत. क्षार आणि जड धातू पाण्यात तसेच राहतात, आणि काळ्या रानात क्षार साठले की जमीन चोपण, म्हणजे कडक आणि पाणी न मुरणारी, व्हायला वेळ लागत नाही. ओढ्याला कारखान्याचं किंवा गॅरेजचं पाणी मिळतं का, ते वर चालत जाऊन डोळ्यांनी बघा. मिळत असेल तर हा उद्योग करू नका. नसेल तरी क्षारता आणि सोडियम एकदा तपासून घ्या.

कोथिंबीर-मेथीला नकोच, तळ्यातून आलेलं पाणीसुद्धा नको. कच्चा खाल्ला जाणारा पाला आहे तो. ऊस, गजराज गवत यांना सरीतून द्या. ठिबकला जोडलंत तर शेवाळानं तोट्या तुंबतील.

युरियाचा हात जरा आखडता घ्या. लिटरला ३० मिलिग्रॅम नत्र धरलं तर एक लाख लिटरमागे ३ किलो नत्र रानात जातं, त्यातलं थोडं तळ्यातच उडून जात असलं तरी.

गोठा धुतलेलं पाणीही यात सोडता येईल, पण फिनेल वापरलेलं नको, त्यानं तळ्यातले जिवाणूच मरतात. डासांसाठी काठाचं गवत काढत राहा आणि शेवटच्या तळ्यात गप्पी मासे सोडा.