काकांच्या घरावर माझं नाव लागलं. आता कर्ज दुसऱ्या बँकेत नेता येईल का?

प्रश्न : नागपुरात मानेवाडा रिंगरोडच्या आतल्या बाजूला एका ले-आउटमध्ये माझ्या काकांचं घर आहे. प्लॉट त्यांनी स्वतःच्या पगारातून घेतला, प्लॉट नियमित झाल्याचं पत्र (आरएल लेटर) तेही त्यांच्याच नावाचं. २०१५ मध्ये बांधकामासाठी त्यांनी बँकेकडून कर्ज काढलं. काकू आता नाहीत, मुलगी लग्न होऊन पुण्याला आहे. मी बायको-मुलांसह काकांकडेच राहतो आणि चार वर्षांपासून हप्ता माझ्या खात्यातून जातो. मागच्या वर्षी काकांनी नोंदणीकृत बक्षीसपत्र करून अर्धं घर माझ्या नावे केलं. मुद्रांक शुल्क पूर्ण भरलं आहे. कर्जाचे १४ लाख आणि दहा वर्षं उरली आहेत, दर सव्वानऊ टक्के. दुसरी बँक सव्वाआठने द्यायला तयार आहे, वर चार लाखांचा टॉप-अप (त्याच घरावर वाढीव कर्ज) देते. पण एकट्या माझ्या नावावर कर्ज देत नाही. एजंट म्हणतो, उरलेल्या अर्ध्याचं काकांकडून हक्कसोडपत्र करून घ्या, मग काम सोपं. काका ६८ वर्षांचे आहेत. काय करावं?

उत्तर : हक्कसोडपत्राचं आधी डोक्यातून काढून टाका. नाममात्र मुद्रांकावर हक्कसोड होतं हे एजंटने कुठेतरी ऐकलेलं असणार. ती सवलत वडिलोपार्जित मिळकतीत ठरावीक नातेवाइकांमध्ये होणाऱ्या हक्कसोडीला आहे. हे घर काकांच्या स्वकष्टाचं. इथे ‘हक्कसोड’ लिहिलं तरी शुल्क बाजारभावावर, खरेदीखताइतकंच लागणार. राहत्या घराच्या बक्षीसपत्राला फक्त दोनशे रुपये शुल्काची सवलत आहे, पण ती नवरा, बायको, मुलगा, मुलगी, नातवंडं आणि मृत मुलाची पत्नी यांच्यापुरती. पुतण्या त्या यादीत नाही. मागच्या वर्षी तुम्ही पूर्ण शुल्क भरलंत ते बरोबरच केलंत. अनेक जण इथेच फसतात आणि पुढे दरमहा दोन टक्के दंडासह फरक भरत बसतात.

आता मूळ अडचण. बक्षीसपत्राने तुम्हाला अर्धी मालकी मिळाली, कर्ज मिळालं नाही. बँकेच्या दफ्तरी कर्जदार आजही एकटे काका आहेत. हप्ता कोणाच्या खात्यातून जातो, त्याने त्यात फरक पडत नाही. (म्हणूनच या चार वर्षांच्या व्याजावर तुम्हाला आयकरात वजावट मागता येत नाही. त्यासाठी मालकही असावं लागतं आणि कर्जदारही.) शिवाय ती अर्धी मालकी गहाणासकट आली आहे. काकांनी प्लॉटचं मूळ विक्रीपत्र कर्जासाठी बँकेकडे ठेवलं, त्या दिवशीच ते घर गहाण पडलं. गहाण मिळकत बक्षीस देता येते, पण घेणाऱ्याच्या हातात ती बोजा घेऊनच येते.

तुम्ही पाठवलेल्या बक्षीसपत्राची प्रत वाचली. चौथ्या पानावर खालून तिसरी ओळ बघा : ‘सदर मिळकतीवर कोणत्याही बँकेचा अथवा संस्थेचा बोजा नाही.’ दस्त लिहिणाऱ्याने जुन्या नमुन्यातून उचललेलं वाक्य आहे, काकांनी न वाचता सही केली असणार. पण नव्या बँकेचा पॅनेलवरचा वकील नोंदणी दफ्तरात तीस वर्षांच्या दस्तांचा शोध (सर्च) घेताना हीच ओळ धरेल. एकीकडे २०१५ पासूनचं गहाण, दुसरीकडे नोंदलेल्या दस्तात ‘बोजा नाही’. माझ्यासमोर अशी फाइल आली तर मीही ती बाजूला ठेवीन. तुम्ही आणि काका दोघांनी मिळून चूक दुरुस्तीपत्र करून ते नोंदवून घ्या. त्यात कर्ज, बँकेची शाखा आणि ‘गहाणाच्या अधीन राहून बक्षीस’ हे स्पष्ट लिहा. मुद्रांक मामुली लागतो.

त्याच्याही आधी एक पत्र काकांच्या हाताने जुन्या बँकेत जायला हवं. कर्जाच्या करारात, बँकेच्या लेखी संमतीशिवाय मिळकत हस्तांतरित करणार नाही, असं कलम जवळपास नेहमीच असतं. काकांनी संमती घेतलेली नाही. त्यामुळे बक्षीसपत्र आपोआप रद्द होत नाही, पण करारभंग दाखवून बँक सगळं कर्ज एकदम मागू शकते. हप्ते वेळेवर जात असताना बँक सहसा तसं करत नाही. तरी ही गोष्ट तिला इंडेक्स टू (नोंदलेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा) वरून कळण्यापेक्षा काकांच्या पत्रावरून कळलेली बरी. पत्राला बक्षीसपत्राची प्रत जोडा, तुम्हाला सहकर्जदार करून घेण्याची विनंती करा, आणि त्याच पत्रात दर कमी करून मागा. पोच घ्यायला विसरू नका.

हे शेवटचं मी मुद्दाम सांगतोय. १४ लाखांवर दहा वर्षांसाठी सव्वानऊचा हप्ता साधारण १७,९२५ रुपये होतो, सव्वाआठचा १७,१७० च्या आसपास. महिन्याला साडेसातशे वाचतात, दहा वर्षांत नव्वदएक हजार. त्यातून नव्या बँकेची प्रोसेसिंग फी, वकील, मूल्यांकन, नव्या गहाणावरचं मुद्रांक शुल्क आणि नोटीस ऑफ इंटिमेशनचा (गहाणाची नोंदणी कार्यालयाला द्यायची सूचना) खर्च वजा करा. जुनी बँक थोडं शुल्क घेऊन दर अर्धा-पाऊण टक्का जरी उतरवत असेल, तर कागद हलवण्यात फारसं हशील नाही.

जुन्या बँकेने नाहीच ऐकलं तर टेकओव्हर करा, म्हणजे कर्ज नव्या बँकेत न्या, पण दोघांच्या नावाने. नवी बँक म्हणते तेच बरोबर आहे : जितके मालक तितक्यांच्या सह्या. निम्मं घर काकांचं असताना त्यांच्या सहीशिवाय ते अख्खं गहाण पडूच शकत नाही. वयाची चिंता तुम्हाला वाटते तेवढी नाही. बऱ्याच बँका ज्याचं उत्पन्न धरतात त्याच्या वयावर मुदत ठरवतात. काकांचं पेन्शन न धरता त्यांना फक्त मालक म्हणून सहकर्जदार घ्या, असं अर्ज करतानाच सांगा. जुन्या बँकेकडून फोरक्लोजर लेटर (कर्ज पूर्ण फेडायला किती रक्कम लागेल याचं पत्र) आणि तिच्याकडच्या मूळ कागदांची यादी घ्या. कर्ज फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या दराचं असेल तर मुदतीआधी फेडल्याचा दंड बँक घेऊ शकत नाही. रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्येच ते बंद केलं आहे. पूर्ण फेड झाल्यावर ३० दिवसांत कागद परत द्यायचे, बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई, हा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे.

आपल्याकडच्या ले-आउटमध्ये आणखी एक बघा. नवी बँक आरएल लेटर आणि मंजूर नकाशा मागेल. वरचा मजला नकाशाबाहेर चढवला असेल तर तिचा इंजिनिअर तो मूल्यांकनात धरणार नाही आणि टॉप-अप तिथेच अडकेल. आखीव पत्रिका (शहरी जमिनीचा सरकारी उतारा) निघत असेल तर तिच्यावर तुमचं नाव चढवून घ्या. मनपाच्या घरटॅक्स पावतीवर नाव आलं म्हणून समाधान मानू नका, त्या पावतीने मालकी ठरत नाही.

टॉप-अपबद्दल तुम्ही काहीच लिहिलेलं नाही, म्हणून विचारतो : ते चार लाख कशासाठी? तुमच्या कामासाठी असतील तर ६८ वर्षांचा माणूस आपलं राहतं घर तुमच्या गरजेसाठी पुन्हा दहा वर्षं गहाण टाकतोय. सहकर्जदार झाल्यावर बँक सगळी रक्कम एकट्या काकांकडूनही वसूल करू शकते. हे त्यांना मराठीत, बसून, समजावून सांगा. हप्ता कोण भरणार, टॉप-अप कोणाचा, हे तुमच्या दोघांत लेखी करा. तुमच्या नावाचा कर्जविमा काढा, म्हणजे उद्या तुम्हाला काही झालं तर हप्ते त्यांच्या पेन्शनवर येणार नाहीत.

पुण्याच्या बहिणीलाही सांगून ठेवा. स्वकष्टाचं घर बक्षीस द्यायला तिची सही लागत नाही, पण काकांनी मृत्युपत्र केलं नाही तर त्यांचा अर्धा हिस्सा तिच्याकडे जाईल. तेव्हा कर्ज चालू असेल, आणि घराची सहमालक ती असेल. हे तिला आत्ता काकांच्या तोंडून कळू द्या.

दुरुस्तीपत्राचा मसुदा तयार झाला की नोंदणीला जाण्याआधी मला पाठवा. चौथं पान मी परत वाचेन.