१६ लाखांची शस्त्रं आणि हातातले दोन महिने

नाशिकच्या इंदिरानगरहून एका वाचकांनी विचारलं आहे. वय ५६. सातपूरच्या कारखान्यातून स्वेच्छानिवृत्ती घेतली, महिन्याभरापूर्वी ४६ लाख रुपये हातात आले. घर स्वतःचं, कर्ज नाही. पत्नी शिक्षिका, पगार २८ हजार. घरखर्च महिना ४५ हजार. मुलगी दंतवैद्यकाच्या तिसऱ्या वर्षाला, अजून सुमारे ९ लाख फी भरायची आहे. जुन्या शस्त्रांचा नाद तरुणपणापासूनचा. देवळाली कॅम्पातल्या एका ओळखीच्या गृहस्थांकडे त्यांच्या वडिलांनी जमवलेल्या ११ वस्तू आहेत: एक फिरंग, दोन कट्यारी, सही असलेली इराणी शमशेर, हस्तिदंती मुठीची पेशकब्ज (खंजीर), गेंड्याच्या कातड्याची ढाल, चिलखत, जपानी लष्करी तलवार, तोड्याची बंदूक आणि दोन भाले. एकगठ्ठा १६ लाख. "पाच वर्षांत दुप्पट, लंडनच्या लिलावातले भाव बघा," असं विकणारे म्हणतात. पत्नीचा विरोध आहे. घ्यावं का?

एकगठ्ठा तर अजिबात घेऊ नका. एखादी वस्तू मात्र घेता येईल, आणि ती कोणती हेही सांगतो.

आधी लंडनचं बघू. टिपूची तलवार मे २०२३ मध्ये १ कोटी ४० लाख पौंडांना गेली. नागपूरकर रघुजी भोसल्यांची तलवार महाराष्ट्र सरकारने एप्रिल २०२५ मध्ये ४७ लाख १५ हजारांना घेऊन परत आणली. दोन्ही बातम्या खऱ्या. पण त्या तलवारी आधीपासून परदेशात होत्या. तुमच्या घरात आलेली १०० वर्षांहून जुनी वस्तू पुरावशेष ठरते, आणि १९७२ च्या कायद्यानुसार ती खासगी माणसाला देशाबाहेर विकायला नेता येत नाही. म्हणजे तुमचं गिऱ्हाईक भारतातच शोधायचं, तेही शस्त्रांचा नाद असलेलं, पैसे बाळगून असलेलं आणि कागदपत्रांबद्दल काटेकोर. सोनं सराफ बाजारात कुठल्याही पेढीवर नेलं तर दिवसाचा भाव मिळतो. कट्यारीला दिवसाचा भाव नसतो.

हिशेब मांडू. १६ लाख बँकेत ७ टक्क्यांनी ठेवले तर पाच वर्षांनी साधारण साडेबावीस लाख होतात. वस्तू विकायला गेलात आणि व्यापाऱ्याने त्याच्या विक्रीच्या किमतीच्या ६० टक्के दिले असं धरा. घाई असेल तर याहूनही कमी मिळतील. मग साडेबावीस लाख हाती यायला बाजारातली किंमत साडेसदतीस लाख झालेली हवी, म्हणजे दरसाल साडेअठरा टक्के वाढ. वर नफ्यावर कर आहे. घरातली भांडीकुंडी विकली तर भांडवली नफ्याचा कर लागत नाही, पण कलावस्तू आणि पुरातत्त्वीय संग्रह त्या सवलतीतून मुद्दाम वगळले आहेत. दोन वर्षांहून जास्त ठेवून विकलं तर १२.५ टक्के.

आता त्या यादीतल्या काही वस्तू विकताच येत नाहीत. हस्तिदंत आणि गेंड्याचं कातडं दोन्ही वन्यजीव संरक्षण कायद्यात येतात. मालकीचा दाखला असला तरी २००३ पासून अशी वस्तू वारसाहक्काने देता येते, पैसे घेऊन नाही. दाखला नसेल तर विषयच संपला. विकणाऱ्याने या दोन्हींची किंमत १६ लाखांत धरली असेल तर तुम्ही अडचण पैसे देऊन विकत घेताय. तोड्याच्या बंदुकीला शस्त्र कायद्यातून सूट मिळते ती फक्त दुरुस्ती करूनही चालणार नसेल तरच, आणि जुन्या तोड्याच्या बंदुका बहुधा दुरुस्त होतात. तलवारी, कट्यारी, भालेही त्याच कायद्याच्या वर्गवारीत आहेत. जिथे केंद्राची अधिसूचना लागू आहे तिथे परवाना लागतो. पोलिस आयुक्तालयाच्या परवाना शाखेत वस्तूंची यादी देऊन लेखी उत्तर घ्या. 'भिंतीवर टांगायला कोण विचारतं' असं सांगणारे पुष्कळ भेटतील. पंचनाम्याच्या वेळी ते नसतात.

उरल्या आठ वस्तू. इथे ओळखीचा प्रश्न येतो, आणि किंमत ठरते ती इथेच. काही संग्राहकांचे हिशेब माझ्याकडे असल्याने हे थोडं शिकावं लागलं.

शमशेरीवर असदुल्लाह इस्फहानी या नामांकित इराणी कारागिराचं नाव आहे म्हणून किंमत चढवली असणार. हे नाव इतक्या पात्यांवर, इतक्या काळात कोरलं गेलं की सही दिसली की संशय वाढायला हवा. खरं बघायचं ते पोलाद. मुशीत वितळवलेल्या पोलादावर पाण्याच्या लहरींसारखी जौहर असते, ती धातूच्या आतूनच आलेली. आम्लाने वरवर काढलेली नक्षी घासली की जाते. खरी जौहर घासल्यावर हलकं आम्ल लावलं की परत उमटते. हा प्रयोग घरी करायचा नाही, जाणकाराकडूनच करून घ्यायचा. मुठीवरच्या सोन्याचंही तसंच. कोफ्तगिरीत लोखंडावर बारीक आडव्या-उभ्या रेघा मारून त्यात सोन्याची तार ठोकून बसवतात. सोनं झिजलं आहे तिथे भिंगातून त्या रेघा दिसायला हव्यात. नुसता मुलामा असेल तर दिसणार नाहीत. पण रेघा दिसल्या म्हणजे जुनं, असंही नाही. उदयपूरला हे काम आजही होतं आणि उत्तम होतं. शिवाय आपल्याकडे पातं मुठीत राळेने बसवत, त्यामुळे जुनं पातं आणि नवी मूठ यांचं लग्न लावणं सोपं आहे.

चिलखताच्या कड्या बघा. प्रत्येक कडीचं तोंड रिबिटने बंद केलेलं असेल, किंवा एका ओळीत रिबिटच्या आणि एका ओळीत अखंड कड्या असतील, तर तो लढाईचा माल असण्याची शक्यता वाढते. तोंडाला तोंड नुसतं भिडवलेल्या कड्या बऱ्याचदा उशिराच्या, शोभेच्या, नाहीतर नाटकमंडळींच्या. जपानी तलवारीची मूठ ओतीव अ‍ॅल्युमिनिअमची, दोर गुंडाळल्यासारखी रंगवलेली असेल आणि पात्यावर अनुक्रमांक असेल, तर ती १९३५ नंतरची, कारखान्यात घडलेली, शिपायांच्या नाईक-हवालदारांची तलवार. देवळालीत फौजी कुटुंबं इतकी की अशा तलवारी निघणारच. ब्रह्मदेशाच्या आघाडीवरून आल्या. वाईट नाही, पण सामुराईची म्हणून पैसे देऊ नका. आणि मूठ काढून आतल्या भागाचा गंज कोणी पितांबरीने घासला असेल तर वय सांगणारी खूणच गेली.

यादीत मला रस आहे तो फिरंगेत. पातं युरोपातलं, मूठ आपल्याकडची. पात्यावर चंद्रकोरीसारख्या दातेरी खुणा असतील किंवा पळता लांडगा, तरी लगेच इटलीतलं जिनोआ किंवा जर्मनीतलं झोलिंगेन म्हणू नका. आपल्या कारागिरांनी या खुणांची भरपूर नक्कल केली. रघुजींच्या तलवारीला भाव आला तो पात्यावर सोन्यात देवनागरी अक्षरांत त्यांचं नाव असल्याने. नाव नसलेल्या वस्तूला तिचा प्रवास सांगणारे कागद लागतात: कोणी, कुणाकडून, केव्हा घेतली. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने २०२४ मध्ये वाघनखं साताऱ्यात प्रदर्शनासाठी दिली, तेव्हाही ती महाराजांनीच वापरली याची खात्री देता येत नाही असं त्यांनी सांगितलं. एवढं मोठं संग्रहालय इतकं सावध राहतं आणि देवळालीचे गृहस्थ "पेशव्यांच्या सरदाराची" म्हणतात, तर वडिलांच्या खरेदीची एक तरी पावती किंवा जुना फोटो मागायला संकोच नको.

तुमच्या पत्रात शस्त्रांपेक्षा निकडीची गोष्ट एका ओळीत उरकली आहे: पैसे महिन्यापूर्वी आले. ५५ ते ६० वयात निवृत्त झालेल्यांना ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत पैसे टाकता येतात, पण निवृत्तीची रक्कम मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत. तुमचे दोन महिने उरले. मर्यादा ३० लाख, सध्याचा दर ८.२ टक्के, व्याज दर तिमाहीला ६१,५०० रुपये. महिन्याला २०,५०० आणि वहिनींचे २८ हजार मिळून घरखर्च भागतो, वर थोडे उरतात. ५८ नंतर भविष्य निर्वाह निधीचं पेन्शन वेगळं. मुदत हुकली तर साठीपर्यंत थांबावं लागेल. शस्त्रांच्या व्यवहारात गुंतून ही तारीख गेली तर तो तोटा कुठल्याही बनावट शमशेरीपेक्षा मोठा.

४६ मधून ३० गेले, ९ फीसाठी मुदत ठेवीत. उरले ७. त्यातले ३ अडीअडचणीला बाजूला. कंपनीचा आरोग्य विमा निवृत्तीबरोबर संपला असेल. त्याच विमा कंपनीत वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का ते या आठवड्यात विचारा, तुमच्या वयात नवी पॉलिसी काढण्यापेक्षा ते सोयीचं पडू शकतं. त्याचे हप्ते आणि घरातली किरकोळ दुरुस्ती धरली तर नादासाठी दीड लाख निघतात. वहिनींना हा आकडा दाखवा. १६ लाखांना असलेला विरोध दीड लाखांना असेलच असं नाही.

या दीड लाखात फिरंग बसत असेल तर तेवढीच मागा. परवाना शाखेचं उत्तर हातात आल्याशिवाय बयाणा देऊ नका. पैसे बँकेतून द्या आणि विक्रीपत्रात वस्तूचं माप, वजन, खुणा, फोटो आणि 'खोटी निघाल्यास परत घेईन' ही ओळ लिहून घ्या. त्याआधी जाणकाराचं मत स्वतः पैसे देऊन घ्या, विकणाऱ्याने सुचवलेल्या माणसाचं नको. डोळा तयार व्हायला पुण्याचं केळकर संग्रहालय आणि मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय बघून या. मुंबईत अकबराचं चिलखत आहे. विकणारे म्हणाले "सगळं घ्या नाहीतर काहीच नाही", तर काहीच नाही.